फुटलेला आणि फोडलेला

अप्पा गेले त्या दिवशी विसाव्याच्या जागी गुरुजींनी मला एक दगड उचलायला सांगितला. कडुनिंबाच्या बुंध्याशी मातीत अर्धा रुतलेला एक होता, तो मी उकरून घेतला. काळा, खरबरीत, मोठ्या लिंबाएवढा. पुढे त्याच दगडाने माझ्या खांद्यावरच्या मडक्याला एकेक भोक पडत गेलं, गार पाण्याची धार पाठीवरून उतरत राहिली आणि तिसऱ्या फेरीनंतर मी मडकं मागे टाकून दिलं. "हा अश्मा," गुरुजी तो दगड माझ्या हातात परत देत म्हणाले. "दहाव्यापर्यंत नीट सांभाळा. हरवू देऊ नका. अप्पा आता यात आहेत असं समजायचं."

पंचाच्या टोकात बांधून तो घरी आणला. मागच्या अंगणात एक कोनाडा आहे, तिथे ठेवला. तिसरा दिवस असेल की चौथा, दुपारी सगळे जरा पडले होते, तेव्हा मी गाठ सोडून तो हातात घेतला आणि उन्हाकडे धरून फिरवायला लागलो. एका अंगाने पापुद्रा सुटलेला, कांद्याचा सुटतो तसा. कडा गोलसर. घाव घातल्याची खूण कुठेच नाही. आत्या कधी दारात येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"काय बघतोयस रे त्यात एवढं?"

"काही नाही, आत्या."

तिला सांगवलं नाही. लहानपणापासूनची सवय हातांनी आपली आपण पुरी केली होती. मनात वाक्यही उमटून गेलं होतं: हा फुटलेला आहे, फोडलेला नाही.

हे शब्द अप्पांचे. ते शाळेत भूगोल शिकवायचे. शिकवणं हिंदीतून, घरी बोलणं मराठीतून, आणि दगडांबद्दल बोलायचं झालं तर फक्त मराठीतून. ते म्हणायचे, "फुटतं ते आपलं आपण. फोडतं ते कुणीतरी. एवढं कळलं की अश्मयुग कळलं." ऊन लागून दगड तडकतो, वरून दरीत पडून दुभंगतो, नदीच्या लोंढ्यात एकमेकांवर आपटून त्याचे टवके उडतात. हे सगळं फुटणं. पण कुणीतरी एक दगड डाव्या हातात धरतो, दुसरा उजव्या हातात, मनात एक आकार असतो आणि त्या आकारासाठी तो नेमक्या जागी घाव घालतो. तिथे क्रियापद बदलतं, आणि त्या बदलाबरोबर पृथ्वीच्या पाठीवर कुणीतरी आलेलं असतं.

थंडीतल्या रविवारी आम्ही दोघं सरवटे बस स्टँडवरून सकाळची पहिली गाडी पकडायचो. आई दशम्या आणि लसणाची चटणी बांधून द्यायची. मानपूरचा घाट उतरताना कानांना दडे बसायचे. माळव्याची थंडी वरच राहायची आणि निमाडचं ऊन खिडकीतून मांडीवर यायचं. धामनोदला उतरून महेश्वरची दुसरी गाडी. इंदूरची मंडळी महेश्वरला जातात ती घाटासाठी, अहिल्याबाईंच्या वाड्यासाठी, साड्यांसाठी. आम्ही अलीकडेच उतरून एका नाल्याच्या पात्रातून नर्मदेकडे चालत जायचो. त्या नाल्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथून दगड उचलून नेणारे आधीच पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांतला एक मी होतो. ते पुढे येईलच.

घाटाच्या वरचा आणि खालचा दगड वेगळा आहे, हे अप्पांनी मला पहिल्यांदा दाखवलं. इंदूर बसलंय ते लाव्हाच्या थरांवर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या काळ्या बेसॉल्टवर. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले, फटी राहिल्या, आणि मागाहून त्यांत सिलिका झिरपून अकीक, कॅल्सिडनी, जास्पर अशा गारगोट्या भरल्या. मेणासारख्या तुकतुकीत, काही दुधी, काही रक्तासारख्या लाल. खाली नर्मदेच्या पात्रात मात्र विंध्याकडून वाहत आलेले क्वार्टझाइटचे गोटे मिळतात, हाताला साखरेसारखे दाणेदार लागतात. या दोन दगडांत दोन काळ वाटले गेले आहेत. फार जुन्या माणसांनी हातकुऱ्हाडीसाठी मोठे गोटे घेतले; त्यांच्यानंतर कितीतरी काळाने आलेल्यांनी बोटभर पात्यांसाठी गारगोट्या निवडल्या.

फोडलेला दगड ओळखायचा कसा, हे मला आजही वाचण्यापेक्षा हाताने जास्त कळतं. घाव बसतो त्या ठिकाणी एक लहानशी सपाट जागा उरते. तिच्या लगेच खाली दगडाला गालासारखा फुगवटा येतो. तिथून पुढे, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, मंद लहरी पसरत गेलेल्या दिसतात. शिंपल्याची पाठ आठवावी. जाड काचेच्या बाटलीची कड फुटली की हेच दिसतं, कारण काच आणि गारगोटी आतून सारख्याच; त्यांच्यात लाकडासारख्या रेषा नसतात, त्यामुळे घावाचा जोर सगळीकडे एकसारखा पसरतो. निघालेला तुकडा म्हणजे छिलका, आणि ज्यातून तो काढला तो गाभा. गाभ्यावर छिलक्याची उलटी छाप उरते. एक छाप असली तर योगायोग म्हणता येईल. पण एकाशेजारी एक पाच-सहा छापा, त्याही एकाच कडेने आणि एकाच दिशेने, असं दिसलं की अप्पा काही न बोलता दगड माझ्या हातावर ठेवायचे.

एकदा घरी आम्ही करूनही पाहिलं. नर्मदेतून आणलेली लाल जास्परची गारगोटी आणि दणकट क्वार्टझाइटचा हातोडा. मी जोर लावून मारत होतो आणि गारगोटीचा नुसता चुरा होत होता. अप्पांनी हात धरला. जोराने काम होत नाही, कोन लागतो. कडेचा कोन काटकोनापेक्षा कमी असावा लागतो, घाव कडेच्या जरा आत, तिरपा पडावा लागतो. अर्ध्या तासानंतर एक पातळ छिलका टप्प असा आवाज करून सुटला. मी तो झेलायला गेलो आणि अंगठ्याच्या खालची कातडी सहज उघडली गेली. दुखलं नाही, इतकी धार होती. आईने हळद दाबली. रक्त थांबेपर्यंत अप्पा तो छिलका बघत होते. त्या वेळी मला राग आला होता त्यांचा.

पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या बायका तेव्हा आमच्या गल्लीत यायच्या. मिक्सर आले आणि त्या यायच्या थांबल्या. अप्पा त्यांच्यासमोर उकिडवे बसून छिन्नीचा कोन बघायचे. आजी लाजून आत जायची. "हिला कुणी शिकवलं? आईने. तिला? तिच्या आईने," एवढंच ते म्हणायचे. आज मला वाटतं, हातकुऱ्हाडीबद्दलची त्यांची सगळी ओढ त्या वाक्यात होती. असं काम बघूनच येतं. कुणीतरी समोर बसून दाखवावं लागतं, चुकलं की हात धरावा लागतो.

महेश्वरला आणि पलीकडच्या काठावर नावडातोडीला १९५२-५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने मिळून उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया त्याचे म्होरके. नावडातोडी गाजलं ते ताम्रपाषाण काळातल्या घरांमुळे आणि रंगवलेल्या मडक्यांमुळे, पण त्याच मोहिमेत नर्मदेच्या काठच्या जुन्या गाळातून अश्मयुगीन हत्यारांचाही अभ्यास झाला. वाकणकरांचं नाव तर माळव्यातल्या प्रत्येक मराठी घरात घेतलं जायचं. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर मूळचे नीमचचे, पुढे उज्जैनचे. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना त्यांना दूरच्या टेकड्यांचे खडक दिसले, ते उतरून पायी तिकडे गेले आणि भीमबेटका जगाला कळलं. अप्पांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. पण ती गोष्ट सांगताना ते नेहमी "उतरले" या शब्दावर थांबायचे. खिडकीतून तर सगळेच बघतात.

हातकुऱ्हाड पहिल्यांदा हातात आली ती मी सातवीत असताना. क्वार्टझाइटची, पिवळसर, पेरूच्या पानासारख्या आकाराची, दोन्ही बाजूंनी छिलके काढून मधोमध आणलेली. तळवा तिच्या बुडावर असा बसला की जणू माझ्याच मापाने घडवली होती. मी विचारलं, "अप्पा, ही आपल्या माणसांनी केली?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माणसांनी केली. आपल्या की नाही, ते हिला विचारून कळत नाही."

त्या उत्तराने मी हिरमुसलो होतो. आता वाटतं, एका शाळामास्तराने सातवीतल्या मुलाला याहून खरं उत्तर दिलं नसतं. हातकुऱ्हाडी आफ्रिकेत साडेसतरा लाख वर्षांपूर्वी होत्या. आपल्याकडे चेन्नईजवळच्या अत्तिरम्पक्कमला शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथल्या सर्वांत खालच्या थरातल्या हातकुऱ्हाडी पंधरा लाख वर्षांच्या आसपासच्या आहेत. त्याच परिसरात, पल्लावरमला, ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना भारतातली पहिली हातकुऱ्हाड ओळखू आली होती. आणि आपण, म्हणजे होमो सेपियन्स? आपले सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे तीन लाख वर्षांचे. म्हणजे भारताच्या नद्यांकाठी कुणीतरी शिकत होतं, शिकवत होतं, दगड हातात धरून कोन बघत होतं, तेव्हा आपण कुठेच नव्हतो. बारा लाख वर्षांचा हा फरक आहे. एवढा काळ कुणीतरी इथे राहिलं, आणि त्यांचं नाव घ्यायला आपल्याकडे हाडं म्हणावीत तर जवळपास नाहीतच.

जवळपास म्हटलं, कारण एक आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना होशंगाबादजवळच्या हथनोरा गावी नर्मदेच्या गाळात मानवी कवटीचा वरचा, उजव्या बाजूचा भाग मिळाला. आपल्याच नर्मदेत, वरच्या अंगाला. अप्पांनी त्या बातमीचं कात्रण कापून भूगोलाच्या नकाशावहीत चिकटवलं होतं. सोनकियांनी ती होमो इरेक्टसची, म्हणजे आपल्याआधीच्या एका मानवजातीची, एक शाखा मानली. पुढे केनेथ केनेडी आणि इतरांनी ती सेपियन्सच्या जवळची, पण जुन्या घडणीची ठरवली. तो वाद अजून मिटलेला नाही. एक अर्धी कवटी आणि तिच्याभोवती लाखो दगड, ही आपल्या देशाची अवस्था आहे. म्हणून आपल्याकडे सगळा भार दगडांवर पडतो, आणि दगडाला विचारावं तर तो हात सांगतो, चेहरा सांगत नाही.

यावरून मला पुरणयंत्राची आठवण होते. हजारो वर्षांनी कुणी आमची कॉलनी खणली आणि एका घरात पुरणयंत्र सापडलं, तर तो म्हणेल, इथे मराठी माणसं राहत होती. आमच्या घरापुरतं बरोबर. पण आईचं पुरणयंत्र गेली वीस वर्षं शेजारच्या मालवी भाभींकडे आहे. त्यांनी ते एका होळीला नेलं, त्यांच्या हाताला बसलं, आईने परत मागितलं नाही. त्या आता आमच्याहून मऊ पुरण करतात. मग त्यांच्या घराचं काय म्हणायचं? वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते, युक्ती एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाते, आणि कधी दोन अंगणांना एकमेकांचा पत्ता नसतानाही तीच युक्ती दोन्हीकडे सुचते.

अश्मयुगातही हेच झालेलं दिसतं. गाभ्याला आधी सगळीकडून घडवून तयार करायचं आणि मग एकाच घावात हव्या त्या आकाराचा छिलका काढायचा, या तंत्राला लव्हालुआ म्हणतात. फार विचाराचं काम आहे. छिलका निघण्याआधीच तो दगडात दिसावा लागतो. पश्चिम आशियात, आजच्या इस्रायलमधल्या गुहांत, कफझेह आणि स्खूलला आपल्यासारखी माणसं पुरलेली मिळाली आणि केबाराला निअँडरथल, म्हणजे आपली आता नामशेष झालेली भावंडं. हत्यारं मात्र दोघांचीही त्याच लव्हालुआ घराण्यातली. नुसते दगड समोर ठेवले तर कुणाचे कुठले, हे ठामपणे सांगता येत नाही. आणि अत्तिरम्पक्कमला, २०१८ साली जाहीर झालेल्या तारखांप्रमाणे, या तंत्राची सुरुवात ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच्या आसपास होते. ते कोण होते? सेपियन्स इतक्या लवकर इथवर आले? की इथल्याच जुन्या माणसांनी आपल्या डोक्याने ते शोधलं? मला दुसरी शक्यता जास्त पटते. मात्र या पटण्याला पुराव्यापेक्षा आपुलकीचा आधार जास्त आहे, हेही मी जाणतो.

आपण इथे केव्हा आलो, या प्रश्नावर अभ्यासकांत दोन बाजू आहेत. मायकेल पेट्राग्लिया, रवी कोरीसेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्रातल्या ज्वालापुरमला खणलं. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख तिथे जाड थराने पडलेली आहे. राखेच्या खाली हत्यारं मिळाली आणि वरही मिळाली, फारशी न बदललेली. आपल्याच मध्य प्रदेशात सोन नदीकाठच्या ढाबा इथे, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, साधारण ८० हजार वर्षांपासून हत्यारांची परंपरा न तुटता चालू राहिलेली दिसते आणि ४८ हजारांच्या सुमारास बारीक पाती येतात. यावरून एक बाजू म्हणते, टोबाच्या आधीच आपण इथे होतो. पॉल मेलर्स आणि त्यांच्या बाजूचे म्हणतात, नाही. आपण आलो ते बारीक पात्यांसोबत, ५०-६० हजार वर्षांपूर्वी, आफ्रिकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने. जनुकांचा हिशेब आफ्रिकेबाहेरच्या आज जिवंत असलेल्या जवळजवळ सगळ्या माणसांना साधारण ५० ते ७० हजार वर्षांपूर्वीच्या एकाच मोठ्या पांगापांगीशी जोडतो. पण त्याआधी आलेले, वारस न ठेवता संपलेले कुणी असतील तर ते या हिशेबात दिसणारच नाहीत.

या बारीक पात्यांना मराठीत सूक्ष्मास्त्रे म्हणतात. शब्द जरा पुराणातला वाटतो, वस्तू मात्र फार घरगुती आहे. गारगोटीच्या लहानशा गाभ्यावरून बोटाच्या पेराएवढी पाती एकामागून एक सोलून काढायची. एका बाजूची धार मुद्दाम बोथट करायची, म्हणजे ती लाकडात किंवा हाडात खाच पाडून डिंकाने बसवता येते. पातं तुटलं तर तेवढंच काढून नवं बसवायचं. विळीचं पातं बदलून आणतो आणि पाट तोच ठेवतो, तसं. एका मूठभर गारगोटीतून किती धार निघते, हा हिशेब करणारं डोकं मला हातकुऱ्हाडीच्या डोक्याहून वेगळं वाटतं. श्रेष्ठ म्हणणार नाही, वेगळं.

अशी पाती निमाडात मेहताखेडीला मिळाली. शीला मिश्रा, नवीन चौहान आणि अशोक सिंघवी यांनी २०१३ मध्ये त्यांचं वय जाहीर केलं: सुमारे ४५ हजार वर्षं. वाचून मला रात्री झोप लागली नाही. आमची बस ज्या निमाडातून जायची, त्याच निमाडात. अप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. सकाळी मी त्यांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वय कशाचं काढलं? दगडाचं?"

प्रश्न बरोबर होता. दगडाचं वय काढून उपयोग नाही, तो कोट्यवधी वर्षांचा. वय काढतात ते दगडाभोवतीच्या वाळूचं. वाळूचा कण मातीखाली गाडला गेला की आसपासच्या मातीतल्या किरणोत्सारामुळे त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती सगळी रिकामी होते. म्हणून तो कण अंधारातच बाहेर काढायचा, प्रयोगशाळेत मंद लाल दिव्यात हाताळायचा आणि मग त्याच्यावर ठरावीक प्रकाश टाकायचा. साठलेली ऊर्जा अगदी क्षीण उजेड होऊन बाहेर पडते. तो उजेड मोजला की कळतं, या कणाने सूर्य शेवटचा केव्हा पाहिला. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे ज्यांनी पाती केली, त्यांच्या अंगावर पडलेलं ऊन," ते म्हणाले.

आम्हा इंदुरी मराठी माणसांना "तुमचं मूळ गाव कोणतं?" हा प्रश्न जन्मभर पुरतो. लग्नात, मुंजीत, साहित्य सभेच्या कार्यक्रमात. होळकरांबरोबर आलो, असं आमच्याकडे सांगतात, वाईकडचे. पण खोदून विचारलं तर एक पणजोबा आधी खानदेशात थांबले, त्यांचा भाऊ धारला, कुणी बऱ्हाणपूरला. इंदूर १८१८ मध्ये राजधानी झाल्यावर पुढची पिढी इथे आली. "आलो" हा एक शब्द, त्यात शंभर वर्षं मुरली आहेत. मग आफ्रिकेहून येणाऱ्यांचं काय? समजा वाट पाच हजार किलोमीटरची. दर पिढीने मुक्काम वीस किलोमीटर पुढे नेला, तर अडीचशे पिढ्या, म्हणजे सहा हजारांहून जास्त वर्षं. त्यांतल्या एकाही माणसाला आपण कुठे चाललोय असं वाटलं नसेल. पुढच्या टेकडीमागे पाणी बरं आहे, एवढंच. नर्मदेकाठी जन्मलेल्या पहिल्या मुलीच्या आजीचं माहेर दोन दिवसांच्या वाटेवर असेल. तिला कुणी मूळ गाव विचारलं असतं, तर तिने मागची टेकडीच दाखवली असती.

आणि त्यांना निकड फक्त पोटाची नव्हती. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला, १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. भारतात शहामृग होते, हे पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने कवचांतला डीएनए तपासून २०१७ मध्ये पक्कं केलं. खानदेशात कुणीतरी दुपारी सावलीत बसून अंड्याच्या टणक कवचाला भोक पाडत होतं, घासून गोल करत होतं. किती तास लागले असतील एका मण्याला!

दहाव्याला आम्ही खेडीघाटला गेलो. पिंड ठेवले, कावळा लवकर शिवला. प्रत्येकाने अश्म्यावर तिलांजली दिली; आत्याने तेल लावताना त्यावर बोटं जरा जास्तच फिरवली. गुरुजी म्हणाले, सोडा आता. माझ्या लग्नात याच अप्पांनी बायकोचा पाय सहाणेवर ठेवताना गुरुजींना थांबवून मंत्राचा अर्थ सांगायला लावला होता: अश्मेव त्वं स्थिरा भव. दगडासारखी स्थिर हो. नर्मदेत गुडघाभर पाण्यात उभं राहून मी मूठ उघडली. वाटलं होतं त्याहून फार लवकर तो दिसेनासा झाला. खाली तळाशी तसले लाखो असतील.

आता माझ्या चोरीचं. अकरा वर्षांचा असताना त्या नाल्याच्या काठाच्या मातीच्या भिंतीतून एक दुधी पातं मी उपटून काढलं होतं. अर्धं बाहेर डोकावत होतं, चमकत होतं. अप्पा पुढे गेले होते. धावत जाऊन दाखवलं तर शाबासकी मिळेल असं वाटलं. त्यांनी पातं उलटसुलट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "कुठून काढलंस?" मी मागे हात केला, भिंत लांबवर एकसारखी दिसत होती, भोक सापडेना. त्यांनी मारलं नाही. "अरे, आता हे कुठलंच राहिलं नाही," एवढं म्हणाले. त्या दिवसानंतर आम्ही दोघांनीही कधी काही उचललं नाही. थरातून निघालेलं हत्यार म्हणजे पोस्टाचा शिक्का फाडलेलं पत्र, हे मला मागाहून कळलं. भोवतीची वाळू गेली, तिने साठवलेला काळ गेला, शेजारी काय पडलं होतं तेही गेलं. उरतो तो सुंदर खडा. त्या पात्याचं मी काय झालं हे कधी विचारलं नाही. लाज वाटायची.

तेराव्यानंतर अप्पांचं कपाट आवरताना नकाशावहीच्या मागे चहाच्या पत्तीचा जुना डबा निघाला. आत कापसात ते पातं होतं. खाली शाळेच्या वहीचं चौकडीचं पान चार घड्या घालून ठेवलेलं, त्यांच्या तिरप्या अक्षरात:

"रवि. १७ डिसें. १९७८. नाल्याचा उजवा काठ, दुहेरी पळसापासून तेवीस पावलं खाली. काळ्या मातीखाली पिवळी, तिच्याखाली कंकराचा थर, त्यात. भोक संध्याकाळी परत जाऊन पाहिलं, सापडलं. नाल्याच्या तळापासून उंची माझ्या खांद्याइतकी. फोडलेलं. चिरंजीवांनी काढलं."

त्या संध्याकाळी मला घाटावर एका फुलवालीजवळ बसवून ते कुठेसे गेले होते, ते आठवलं. परतीची शेवटची गाडी चुकता चुकता राहिली होती.

मागच्या महिन्यात मी तिथे गेलो. पळस एकच उरलाय, दुसऱ्याचं खोड आहे. तेवीस पावलं मोजली, जरा लांब टाकून, कारण त्यांची ढांग मोठी होती. पावसाने काठ ढासळलाय, नाल्याचा तळही इतक्या वर्षांत कितीदा वर-खाली झाला असेल. अप्पा माझ्यापेक्षा चार बोटं उंच होते. मी भिंतीला खेटून उभा राहिलो, आपल्या खांद्याशी हात नेला, त्याच्यावर चार बोटं धरली आणि तिथे तळवा टेकला. हाताखाली माती नव्हती. बारीक खडे लागत होते.